बिनकाठाची टाकी

आमच्या फिश टँकला वर काळ्या प्लॅस्टिकची चौकट होती, पण आठ वर्षांत ती मला कधी दिसलीच नव्हती. मग एका रात्री ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराच्या टाक्यांचे फोटो पाहिले. चौकट नाही, झाकण नाही. नुसतं पाणी, वडीसारखं कापून ठेवलेलं. सकाळी आमची टाकी जाड फ्रेमचा चष्मा लावलेल्या हेडमास्तरांसारखी दिसायला लागली.

"टाकीचे काठ काढणार," मी जाहीर केलं.

"बिनकाठाचं लुगडं कधी बरं दिसलंय का?" आई म्हणाली.

मासे मोरीतल्या बादलीत गेले. चौकट सिलिकॉनने चिकटवलेली असते. काच आणि प्लॅस्टिक यांच्या फटीत ब्लेड सारून चहूबाजूंनी फिरवलं की ती म्हणे अलगद निघते. अलगद! चार ब्लेडं, दोन बोटं आणि अख्खा रविवार गेला. चौकट तेवढी धड निघाली. उरलेलं सिलिकॉन खरवडण्यात सोमवारची रजा गेली, ती वेगळीच.

मग पाणी भरलं. 3 फुटी टाकी, 100 लिटर पाणी, म्हणजे 100 किलो. भरता भरता समोरच्या काचेला पोट सुटायला लागलं. पट्टी लावून पाहिली, तर मधोमध चांगलं 3 मिलिमीटर! 5 मिलिमीटरच्या काचेला ती चौकट दागिना म्हणून नव्हतीच, कंबरपट्टा म्हणून होती.

पाणी उपसलं. पुढच्या-मागच्या काचांना धरून ठेवायला वर मधोमध काचेची आडवी पट्टी सिलिकॉनने बसवली. ते वाळेपर्यंत 48 तास घरभर व्हिनेगरचा वास. खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, "लोणचं बिघडलं का हो?" बादली अजून माशांकडेच होती. सगळं घर स्वयंपाकघरातल्या पातेल्यातून अंघोळ करत होतं, आणि बायको माझ्याशी फक्त मुलाच्या मार्फत बोलत होती.

अखेर मासे घरी परतले. टाकी सुंदर दिसत होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. रात्री दोनला 'टप्' आवाज आला. मॉली मासोळी फरशीवर तडफडत होती.

म्हणजे आता वर जाळी हवी. जाळी आणली, पण ती ताणून बसवायला चौकट लागते.

"आई, ती जुनी काळी चौकट..."

"गच्चीत आहे. तिच्यावर जुनं लुगडं ताणून कुरडया घातल्यात. वाळल्या की घे."

मी लुगड्याकडे पाहिलं. चांगलं चार बोटं काठाचं होतं.