मायावरण आणि पाहणाऱ्याचे डोळे

ताडोब्याच्या प्रवेशद्वारावर पहाटे उभे राहिले की बरेच पर्यटक लष्करी छापाचे जॅकेट आणि तसलीच टोपी घालून आलेले दिसतात, आणि मग उघड्या जिप्सीत बसून, मोठ्याने गप्पा मारत, अत्तराचा घमघमाट सोडत जंगलात शिरतात. मला त्यांची थट्टा करायची नाही (असले एक जॅकेट माझ्याकडेही आहे), पण मायावरण (कॅमोफ्लाज, पाहणाऱ्याची नजर चुकवण्याची युक्ती) म्हणजे हिरवे-तपकिरी ठिपके, ही आपली समजूत एकदा तपासून पाहायला हवी.

वाघाचेच घ्या. हिरव्या-पिवळ्या रानात भगव्या रंगाचा एवढा मोठा प्राणी लपतो कसा? सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवे रंगद्रव्य तयारच होत नाही, त्यामुळे वाघाला हिरवे होण्याची सोय नाही. पण त्याचे काही अडतही नाही, कारण चितळाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात आणि नारिंगी व हिरवा यांतला फरक त्याला फारसा कळत नाही. उरलेले काम काळे पट्टे करतात, कारण उंच गवताच्या सावल्यांत ते शरीराची बाह्यरेषाच मोडून टाकतात. वानराला मात्र आपल्यासारख्याच तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, शिवाय तो बसलेला असतो उंच फांदीवर. म्हणून वानराने खोकल्यासारखा इशारा दिला की गाईड जिप्सी थांबवायला लावतो. कातडे तेच, पण चितळापुढे चालते तेवढे ते वानरापुढे चालत नाही.

युद्धात ही गोष्ट एका चित्रकाराने ओळखली. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटिश जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला, तेव्हा क्षणोक्षणी बदलणाऱ्या आकाशापुढे धूर ओकणारे जहाज लपणार नाही हे जाणून नॉर्मन विल्किन्सन यांनी १९१७ मध्ये जहाजांवर ठसठशीत, तिरके पट्टे रंगवायला सुचवले. टॉर्पेडो सोडताना जहाज थोड्या वेळाने जिथे पोचणार तिथला नेम धरावा लागतो. पेरिस्कोपमधून पाहणाऱ्याचा दिशेचा आणि वेगाचा अंदाज चुकावा, एवढाच हेतू होता. त्याचा नेमका किती फायदा झाला हे निर्विवादपणे सिद्ध झाले नाही, तरी कल्पना मला अस्सल वाटते.

अमेरिकेच्या अनेक राज्यांत तर हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यांना भडक नारिंगी कपडे कायद्यानेच घालावे लागतात, कारण तो रंग हरणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि दुसऱ्या बंदूकवाल्याच्या मात्र लगेच भरतो. भगवे उपरणे पांघरून मुकाट्याने बसलेला माणूस ताडोब्यातल्या चितळाला आम्हा जॅकेटवाल्यांपेक्षा उशिरा दिसेल, असा माझा अंदाज आहे.