पाच मिनिटमा स्टँड शे

खान्देशात प्लॉट दाखवणारा भाऊ नेहमी जानेवारीत, सकाळी आठच्या सुमारास भेटतो. हवेत गारवा असतो, समोर हरभरा डोलत असतो आणि "भाऊ, आठून पाच मिनिटमा स्टँड शे," म्हणजे इथून पाच मिनिटांत स्टँड आहे, हे आपल्याला लगेच पटतं. ती पाच मिनिटं रेल्वेगेट उघडं असेल, केळीचा ट्रक आडवा लागला नसेल आणि गाडी त्या भाऊनेच हाकली असेल तेव्हाची असतात. नंदुरबारचा भाऊ मात्र जानेवारी टाळतो. त्या दिवसांत शहराबाहेर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, आणि वारा आपल्या बाजूला वळला की प्लॉटचं कौतुक शिंकांमध्येच संपतं.

माझं म्हणणं एवढंच, की जागा तिच्या सगळ्यात वाईट दिवशी बघावी.

पहिली फेरी मे महिन्यात, दुपारी तीनला. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असताना पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून बघा. फार वेळ लावता येणार नाही. दुपारभर भिंतीत मुरलेलं ऊन रात्री दहाला, आपण उशी टेकवली की, बाहेर पडायला लागतं. वास्तुवाले दार पूर्वेला आहे का विचारतात. मी पश्चिमेला काय आहे ते विचारतो. जिना, संडास-बाथरूम, अडगळीची खोली असेल तर झकास. बेडरूम असेल तर गच्चीवर झोपायची तयारी ठेवा, आणि गच्ची सगळ्यांची असेल तर घोरण्याचीही. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट 'हवेशीर' म्हणून विकतात. हवा असते, फक्त ती तापल्या स्लॅबखालची असते. कूलरला बाहेरची कोरडी हवा ओढायला एक खिडकी लागते आणि आतली हवा निघून जायला समोर दुसरी. दुसरी नसेल तर दोन तासांत खोलीत पावसाळा. आणि पहिली खिडकी डक्टमध्ये उघडत असेल, तर शेजारी ठेच्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या की खोकायला आपण.

दुसरी फेरी ऑगस्टात, झडी लागलेली असताना. आपली काळी माती कपाशीला सोनं, घराला मात्र सवत. ओली झाली की फुगते, सुकली की आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरची भिंत तिच्या मर्जीने वर-खाली होत राहते. शेजारचं चार-पाच वर्षांपूर्वीचं कंपाउंड बघा: तिरकी, पायरी-पायरीने चढलेली चीर दिसली, तर पाया मातीतच संपवलेला असू शकतो. प्लॉटच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन मुरूम, म्हणजे मातीखालचा घट्ट थर, किती फुटांवर लागतो ते बघावं. तीन-चार फुटांवर लागला तर देव पावला. आठावर गेला, की प्लॉट स्वस्त का होता ते कळतं. त्याच फेरीत मोटारसायकल आतपर्यंत न्या. चाक आणि मडगार्ड यांच्यात चिखलाचा लाडू बसून गाडी जागीच थांबली, तर नकाशातला ९ मीटरचा रस्ता अजून नकाशातच आहे.

कागदांचं थोडक्यात. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाआधी 'इतर हक्क' वाचा. गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथेच दडून बसतो. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, दिसलं तर परवानगीचं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बयाणा खिशातच राहू द्या. एनएचे, म्हणजे बिनशेतीचे, कागद आणि मंजूर लेआउट मागा, नाहीतर आपण उभे आहोत तोच सगळ्यांसाठी राखलेला ओपन स्पेस निघायचा. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, पण काहींच्या गुंठ्यात समोरचा रस्ताही मावतो. म्हणून सरकारी मोजणी, खुणा गाडून.

राहिलं पाणी. "नळ आहे ना?" हा प्रश्न वाया जातो, नळ सगळीकडे असतो. तो कितव्या दिवशी येतो, किती वाजता, आणि आपलं घर लायनीच्या तोंडाशी की शेपटीला, हे विचारायचं. त्याहून सोपं म्हणजे गल्लीतले निळे ड्रम मोजायचे. घरटी दोन असतील तर ठीक. चार असतील तर पुढच्या गल्लीत चला. पाण्याच्या दिवशी दारातल्या काकूंना विचारलंत तर त्या सांगतील, "पाणी ना? भरपूर येतं हो!" आणि मोटार लावायला आत पळतील.