एलसीडीतलं लिक्विड जळत नाही हो काका, करंट तर त्याचा दुश्मन आहे

एकच मेसेज या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला, दोनदा तर आमच्या शेजारच्या काकांकडूनच. मजकूर थोडक्यात असा: एलसीडी टीव्हीत केमिकल लिक्विड असतं, त्यातून करंट गेला की ते चमकतं आणि चित्र दिसतं, वापराल तसं ते जळत जातं. म्हणून वॉलपेपर काळा ठेवा, लाईट बिल वाचतं. एकच चित्र फार वेळ ठेवू नका, तिथलं लिक्विड जळतं. टीव्ही इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालवा, डीसीमुळे लिक्विड जास्त टिकतं. थंडीत स्क्रीन स्लो झाली तर लिक्विड गोठलं, उन्हात काळी पडली तर करपलं. आणि कडेने रंग विचित्र दिसत असतील तर लिक्विड एका बाजूला साचलंय, टीव्ही रात्रभर आडवा झोपवून ठेवा.

शेवटचं वाचून मी चहा सांडला. मीटर-कॅल्क्युलेटर खोलत अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे राहवत नाही. काका, राग मानू नका.

आधी मूळ मुद्दा, "करंट गेला की चमकतं". ते लिक्विड अजिबात चमकत नाही, उजेड मागच्या बॅकलाइटचा असतो, कॅल्क्युलेटरमध्ये तर तोही नसतो, खोलीतलाच उजेड. लिक्विड फक्त दाराच्या पडद्याचं काम करतं. आणि तो पडदा करंटने नाही, व्होल्टेजने हलतो, हा फरक समजला की पुढचं सगळं आपोआप सुटतं. हे लिक्विड म्हणजे लिक्विड क्रिस्टल, त्याच्या नेमॅटिक म्हणतात त्या प्रकारात रेणू काडीसारखे लांबट असतात, वाहतात द्रवासारखे पण साधारण एकाच दिशेला तोंड करून. या काडीत विजेचं क्षेत्र लांबीच्या दिशेने जितकं सहज पकड घेतं तितकं आडवं घेत नाही. १९७३ साली इंग्लंडात हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या टीमने जो प्रसिद्ध रेणू काढला, फाइव्ह-सीबी, त्यात हा फरक अडीच-तीन पट आहे. मग क्षेत्र लावलं की काडी वळून क्षेत्राच्या रेषेत उभी राहते, बास. त्यासाठी लिक्विडमधून काहीही वाहून जायची गरज नाही.

विश्वास नसेल तर एक जुना बंद कॅल्क्युलेटर खोला. काच आणि बोर्डाच्या मधे रबरी झेब्रा पट्टी असते, ती बाजूला करून नुसती काच हातात घ्या आणि तिच्या कडेवरून ओलसर बोट फिरवा, ट्यूबलाइटजवळ किंवा स्विचबोर्डाजवळ उभे राहून. अर्धवट, भुरकट का होईना पण आकड्यांचे तुकडे उठतात! सेल नाही, बोर्ड नाही, घरातल्या वायरिंगमधून आपल्या अंगात जो ५० हर्ट्झचा हम शिरतो तेवढ्यावर. करंट म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. लहान सेलवर घड्याळाचा डिस्प्ले वर्षानुवर्षं चालतो तो यामुळेच.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करतो, मेसेज लिहिणारा अगदीच हवेत बोलत नाहीये, फक्त पन्नासेक वर्षं लेट आहे. १९६८ साली अमेरिकेत आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांनी जो पहिला एलसीडी जगाला दाखवला त्यात खरंच करंट लागायचा, लिक्विडमधले आयन (विद्युतभार असलेले कण) धावून ते घुसळलं जायचं आणि दुधाळ दिसायचं. शार्पने १९७३ ला ईएल-८०५ कॅल्क्युलेटर काढला तो याच पद्धतीचा. पण तोपर्यंत स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला शाट आणि हेल्फ्रिख या दोघांनी डिसेंबर १९७० मध्ये ट्विस्टेड नेमॅटिकचं पेटंट टाकलेलं होतं, रेणूंचा ९० अंशाचा पीळ, दोन्ही बाजूंना पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणारी फिल्म), व्होल्टेज दिलं की पीळ सुटतो आणि उजेड अडतो. करंटवाली पद्धत मग मागेच पडली.

या पिळातच दुसरी एक मजा आहे. साधारण एक व्होल्टपर्यंत रेणू हलतच नाहीत, काचेला चिकटून रुसून बसल्यासारखे, आणि ती हद्द ओलांडली की एकदम वळायला लागतात. याला फ्रेडरिक्स ट्रान्झिशन म्हणतात आणि गंमत म्हणजे ही हद्द लिक्विडच्या जाडीवर अवलंबूनच नाही, रेणूंचा ताठपणा आणि वर सांगितलेला तो विजेचा फरक यांवर ठरते. सेल उतरला की कॅल्क्युलेटरचे आकडे फिके पडतात ते यामुळे, व्होल्टेज हद्दीच्या आसपास रेंगाळतं. "लिक्विड आटलं" म्हणून फेकून देतात लोक! सेल बदला, येतंय.

काळा वॉलपेपर: बॅकलाइट चालूच असतो त्यामुळे बिल तेच (सीननुसार बॅकलाइट मंद करणारे टीव्ही सोडा, तिथे थोडा फरक पडेल). ओएलईडी मोबाईलमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून काळ्याने बॅटरी वाचते हे खरंय, तिथलं कोणीतरी इथे चिकटवलंय. आणि ट्विस्टेड नेमॅटिक पॅनलमध्ये तर व्होल्टेज पूर्ण दिलं की काळं होतं, म्हणजे मेसेजच्याच हिशोबाने काळ्याने लिक्विड जास्त जळायला पाहिजे :)

डीसीचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, उलटा आहे. टीव्ही तुम्ही बॅटरीवर लावा नाहीतर भिंतीवरच्या बोर्डावर, आत पिक्सेलला मिळणारं व्होल्टेज दर फ्रेमला पलटवलेलंच असतं, आत्ता प्लस तर पुढच्या फ्रेमला मायनस. काडीला दोन्ही सारखंच, कारण तिला वळवणारा जोर व्होल्टेजच्या वर्गावर (स्क्वेअरवर) जातो, चिन्ह गेलं उडत. पण लिक्विडमध्ये कितीही शुद्ध केलं तरी थोडे आयन उरतातच, आणि सतत एकाच दिशेला व्होल्टेज राहिलं की ते एका काचेपाशी जाऊन गर्दी करतात, मग वरून दिलेलं व्होल्टेज काडीपर्यंत नीट पोचत नाही. मी नवशिका असताना एका मीटरच्या काचेला दीड व्होल्टचा सेल चिकटपट्टीने लावून टेस्ट करत होतो आणि तसाच विसरून घरी गेलो. सकाळी तो एक सेगमेंट कायमचा रुसलेला, बाकीचे ठणठणीत. मालकाने पगारातून कापले ते वेगळं.

चित्राची सावली मागे राहते तीही याच आयनांमुळे. जळणं वगैरे काही नसतं, बऱ्याचदा दुसरं चित्र चालू ठेवलं की सावली विरते. म्हणूनच टीव्ही-मोबाईलच्या पॅनलमध्ये फाइव्ह-सीबीसारखे सायनो रेणू मागे पडले आणि फ्लोरिनवाले आले. सायनो गट (रेणूच्या टोकाची कार्बन-नायट्रोजनची जोडी) आयनांना धरून ठेवतो, आणि पिक्सेलला एका फ्रेमपुरतं दिलेलं व्होल्टेज पुढची फ्रेम येईपर्यंत टिकायला हवं, मधेच गळून चालत नाही. कंपन्या लिक्विडमधून करंट जाऊ नये म्हणून जिवाचं रान करतात आणि इकडे मेसेज म्हणतोय करंटवरच चालतं.

थंडी-ऊन. थंडीत लिक्विड काकवीसारखं घट्ट होतं म्हणून काड्या हळू वळतात, चित्र फरफटतं, गरम झालं की परत नीट. (जाडी निम्मी केली की वेग चौपट होतो, म्हणून कंपन्या थर चार-पाच मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट, खाली आणत गेल्या.) उन्हात उलटं होतं. ठराविक तापमानाच्या वर काड्यांची शिस्तच मोडते आणि ते साधं द्रव होतं, पीळच उरत नाही म्हणून उजेड अडतो आणि स्क्रीन काळी पडते. नुसतं फाइव्ह-सीबी ३५ अंशाला असं होतं, आपल्याकडे एप्रिलातच संपला असता डिस्प्ले, म्हणून चार पदार्थ मिसळून ई-सेव्हन बनवलं, ते साठच्या जवळपास तग धरतं. माझ्या मेहुण्याच्या स्कूटरचा मीटर मे महिन्यात दुपारी कोळशासारखा काळा झाला, हा घाबरून गाडी ढकलत आणत होता, मी म्हटलं झाडाखाली लाव आणि ऊसाचा रस पी. रस संपेपर्यंत आकडे परत.

राहिलं ते आडवं झोपवणं. चार-पाच मायक्रॉनच्या फटीत लिक्विड एका बाजूला साचत नाही, जागचं हलतही नाही. कडेने रंग बदलतात कारण काड्या एका बाजूला कललेल्या असतात आणि तिरकं बघताना उजेड त्यांच्यातून वेगळ्या कोनात जातो. यावर उपाय म्हणून पॅनलवर जी फिल्म लावायला लागले तिच्यात काडीऐवजी चकतीसारखे रेणू असतात, आणि असे चकतीवाले लिक्विड क्रिस्टल पहिल्यांदा १९७७ ला बंगळुरूच्या रामन इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर यांच्या ग्रुपने दाखवले. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि काका, टीव्ही झोपवला असेल तर आत्ताच दोघांनी मिळून उचलून उभा करा, एकट्याने एका कोपऱ्याला धरून नको, काच मधोमध तडकते.