जवानाच्या घरच्यांना मंडळावर जागा द्या

मी राहते त्या व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहरात जगातला सर्वांत मोठा नौदल तळ आहे. दर दोन-तीन वर्षांनी शेजार बदलतो. अशा फिरत्या संसारांतल्या मुलांचे शाळेत हाल होऊ नयेत म्हणून इथल्या राज्यांनी २००८ पासून आपसात करार केला. २०१४ पर्यंत पन्नासही राज्यं त्यात आली. नव्या शाळेत राहिलेल्या लसी टोचून घ्यायला तीस दिवसांची मुदत मिळते, आई किंवा वडील मोहिमेवरून परतले की भेटीसाठी मुलाला रजा मिळू शकते. अंमलबजावणीसाठी प्रत्येक राज्यात परिषद असते. तीत शिक्षणप्रमुख असतात, लष्करी तळाचा प्रतिनिधी असतो. पालक मात्र असलाच पाहिजे, अशी सक्ती करारात नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांच्या कल्याणासाठी असलेल्या जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि कारभार पाहणारे सैनिक कल्याण अधिकारी फौजेतून निवृत्त झालेले. माणसं कळकळीची असतात, मला त्याबद्दल शंका नाही. पण तहसीलच्या पायऱ्या झिजवते ती जवानाची बायको.

सातारा जिल्ह्यात आमचे सासरे गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारस लावायचे होते. माझ्या नवऱ्याचे कागद वॉशिंग्टनच्या वकिलातीतून साक्षांकित होऊन गावी पोचले. धाकटे दीर लडाखमध्ये, फोनला रेंज नाही. जाऊबाई लहान पोराला घेऊन कचेरीत जायच्या आणि ऐकून यायच्या, "सहीला मालकांना पाठवा." परदेशातल्या भावाची सही आधी लागली, सीमेवरच्या भावाची कितीतरी नंतर. याची मला आजही चीड येते.

गावाकडे सैनिकांचा विषय निघाला की बोलणं पेन्शन, स्मारकाची कमान आणि २६ जानेवारीचा सत्कार यांवरच येऊन थांबतं. घरच्यांसाठी मंडळावर जागा मागितली की "फौजेला राजकारणात ओढू नका" म्हणतात. जवान शिस्तीने बांधलेला आहे, हे खरंच. त्याची बायको मतदार आहे, नागरिक आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना देणाऱ्या आणि विधान परिषदेत शिक्षकांचे मतदारसंघ असलेल्या महाराष्ट्राला हे जड जाऊ नये.

राज्य सैनिक मंडळावर आणि प्रत्येक जिल्हा मंडळावर दोन जागा ठरवून द्या: एक सेवेतल्या जवानाच्या पत्नीला, एक वीरपत्नीला. त्यांना प्रवासभत्ता द्या, विषयपत्रिकेवर प्रश्न घालण्याचा हक्क द्या, आणि महसूल खात्याचा माणूस उत्तर द्यायला त्याच बैठकीत बसवा.