नावात ‘न झिंगलेला’ आहे म्हणून दारू सुटत नाही

परवा रात्री मावशीचा फोन आला. “अगं, त्याच्या गोळ्या थांबवून हा खडा करून घेऊ का?” तिच्या मुलाचे दारू सोडण्याचे उपचार चालू आहेत. निमित्त होते आमच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजचे. ‘अॅमेथिस्ट, म्हणजे रत्नवाल्यांचा कटेला, याचे नावच सांगते की तो दारू सोडवतो. अंगठीत घाला, रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी पाजा. नाव मूळ संस्कृत ‘अमद्यस्थित’, मद्यदेव बॅकस आणि दगड झालेल्या कुमारिकेची गोष्ट ग्रीक पुराणातली, आणि स्पेनमध्ये तर तो प्रेमाचा खडा.’

नावाचा अर्थ खरा आहे, तेवढे मान्य. ग्रीक ‘अमेथिस्तोस’ म्हणजे न झिंगलेला. पण ‘नावात आहे म्हणजे गुणात आहे’ हा दावा खोडायला आजचे डॉक्टरही लागत नाहीत. रोमन लेखक प्लिनी इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला. त्याच्या निसर्गविषयक ग्रंथाच्या ३७व्या खंडात तो स्पष्ट लिहितो की, हा खडा झिंग येऊ देत नाही आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले, हे मांत्रिकांचे खोटे आहे. नावाचे कारणही तो वेगळे देतो: खड्याची झाक वाइनच्या रंगापर्यंत जाते, पण तिथे पोचण्याआधीच जांभळी होते. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी खोडलेले खोटे आज माझ्या मावशीपर्यंत पोचते, याचा मला संताप येतो.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले तर ओट्यावर काचेचा पेला, तळाशी वाटाण्याएवढा खडा, पाणी जसेच्या तसे. तसेच राहणार. अॅमेथिस्ट म्हणजे आपली गारगोटीच; त्यातल्या किंचित लोहामुळे आणि खडकातल्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे ती जांभळी झालेली. गारगोटी रात्रभर पाण्यात ठेवून त्यात काही उतरत नाही. खरा धोका गोळ्या थांबवण्यात आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हात थरथरतात, फिट येते, भास होतात, कधी जीवही जातो. गोळ्या त्यासाठीच असतात.

बाकीचे मुद्दे पटकन. नाव ‘अमद्यस्थित’वरून आले, हे खोटे. ‘मद्य’ हा ‘मद्’ धातूचा. ग्रीक नावाच्या मुळाशी असलेला ‘मेथु’, म्हणजे वाइन, हा आपल्या ‘मधु’चे भावंड आहे, आणि नकाराचा ‘अ’ही दोन्हीकडे एकाच मुळाचा. भावंड म्हणजे आई नव्हे.

मद्यदेव बॅकस, ती कुमारिका आणि तिचा झालेला दगड ही गोष्ट ग्रीक पुराणातली नाही. रेमी बेलो या फ्रेंच कवीने ती १५७६ मध्ये रचली.

राहिले प्रेम. स्पॅनिश ‘अमातिस्ता’तला ‘अमा’ हा प्रेम करणे या अर्थाच्या ‘अमार’मधला नाही. लॅटिन ‘अमेथिस्तुस’पासून पोर्तुगीज आणि इटालियनमध्ये ‘अमेतिस्ता’ झाले, फ्रेंच आणि रोमानियनमध्ये ‘अमेतिस्त’. स्पॅनिशमध्ये त्याच शब्दातल्या ‘मे’चा ‘मा’ झाला, एवढेच. 

मावशीने पेला मोरीत ओतला आणि गोळ्यांची पट्टी पुन्हा जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली.