साखरेचे राज्य आणि दिवसाचे तीन आणे

मॉरिशसमधल्या मराठी मंडळींचा विषय निघाला की आपल्याकडे तिथला झाकरी नाच, तिथला गणेशोत्सव आणि ‘एवढ्या लांब जाऊन भाषा टिकवली’ हे कौतुक एवढ्यावर बोलणे आटोपते. कौतुकाला माझी हरकत नाही. पण कोकणातली माणसे तिकडे नुसती ‘पोट भरायला गेली’ असे म्हटले, की त्यांना नेणारी सरकारी व्यवस्था नजरेआड होते.

ब्रिटिशांनी हे बेट 1810 मध्ये फ्रेंचांकडून जिंकले, मात्र शरणागतीच्या अटींत रहिवाशांचा धर्म, कायदे, चालीरीती आणि मालमत्ता यांना हात न लावण्याचे कबूल केले. त्यामुळे गव्हर्नर इंग्रज आला, तरी मळे फ्रेंच घराण्यांकडेच राहिले. 1825 मध्ये लंडनने तिथल्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी उतरवली आणि बेटभर ऊसच ऊस झाला, इतका की मजुरांच्या पोटात जाणारा तांदूळसुद्धा बंगालमधून जहाजाने येऊ लागला.

1835 मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली ती मळेवाल्यांना! ज्यांना गुलाम म्हणून राबवले, त्यांच्या वाट्याला आली ‘उमेदवारी’, म्हणजे आणखी काही वर्षे तेच काम.

दरम्यान नोव्हेंबर 1834 मध्ये ‘अॅटलास’ जहाजातून 36 करारबद्ध मजूर उतरले होते. त्यांच्या मागून सुमारे साडेचार लाख भारतीय आले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचेही होते. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. सव्वीस दिवसांनी भागले तर रोजचे जेमतेम तीन आणे पडतात. एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी ‘दुहेरी कपात’ कायद्यानेच मालकाच्या हाती दिली होती, म्हणजे तीन आण्यांच्या खाड्याला सहा आणे. करार संपलेल्यालाही 1867 च्या कायद्याने फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला, तर भटक्या ठरवून अटक. याला मुक्त मजुरी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

1871 मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्यानेच या मजुरांचा अर्ज लिहून दिला आणि त्यावर 9,401 जणांनी सह्या-अंगठे केले. मळेवाल्यांनी त्याला बेटाबाहेर काढण्याची मागणी केली, भर रस्त्यात त्याच्यावर हल्लाही झाला; तरी चौकशी आयोग आला आणि 1875 च्या त्याच्या अहवालात मजुरांच्या तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या ठरल्या. एवढे होऊनही विधिमंडळात पहिले भारतीय वंशाचे सदस्य निवडून यायला 1926 साल उजाडले.

हे मजूर जिथे उतरत, त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरच्या सोळा पायऱ्यांचे फोटो आपण हौसेने टाकतो. त्या पायऱ्या चढून आलेल्यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत: जहाज, वय, उंची, जात, गाव, आणि प्रत्येकाला दिलेला एक क्रमांक. रत्नागिरीतले मूळ गाव शोधायला निघालेल्या पणतवंडाला आजही आधी तो क्रमांक गाठावा लागतो.