‘आईच्या चिंतेमुळेच बाळाला दमा होतो’ हा दावा कुठे चुकतो

गरोदर स्त्रियांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो. पोटुशी असताना आई चिंता करते, रडते, म्हणूनच बाळाला दमा, इसब आणि अ‍ॅलर्जी होते. ती आनंदी राहिली की हे टळते. आणि मनाची औषधे या काळात घेऊच नयेत, असा त्याचा आशय असतो.

पहिल्या विधानाला संशोधनाचा काही आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये गरोदर असलेल्या हजारो स्त्रियांच्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यातील एका विश्लेषणानुसार, ३२व्या आठवड्यात सर्वाधिक चिंता नोंदवलेल्या चतुर्थांश स्त्रियांच्या मुलांमध्ये साडेसात वर्षांच्या वयात दमा असलेल्यांचे दमा नसलेल्यांशी प्रमाण, सर्वांत कमी चिंता असलेल्या गटाच्या तुलनेत सुमारे १.६ पट होते. हा आकडा घाबरवतो, म्हणून तो उलगडून पाहू. समजा, कमी चिंतेच्या गटात १०० पैकी १० मुलांना दमा आहे, ९० मुलांना नाही. तर या प्रमाणाच्या १.६ पटीने जास्त चिंतेच्या गटात साधारण १५ मुलांना तो असेल. म्हणजे ८५ मुलांना नसेल, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना तो एरवीही झाला असता. ‘म्हणूनच’ हा शब्द इथे बसत नाही.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात झालेल्या अभ्यासात गरोदरपणातील आईच्या मानसिक त्रासाचा मुलाच्या छातीतील घरघरीशी संबंध दिसला, पण वडिलांच्या त्याच काळातील त्रासाचा दिसला नाही; त्यामुळे गर्भाशयातून काही परिणाम होत असावा, ही शंका रास्त आहे. तरीही ही निरीक्षणे आहेत. आईचा स्वतःचा दमा, घरातील विडी-सिगारेट व चुलीचा धूर, आनुवंशिकता आणि गरिबी यांचे धागे चिंतेशी गुंतलेले असतात, आणि ते पूर्णपणे सुटे करता येत नाहीत. शिवाय लहान मुलांची घरघर अनेकदा विषाणुसंसर्गाने होते व वाढत्या वयात थांबते; तिला सरसकट अ‍ॅलर्जी म्हणता येत नाही.

‘आनंदी राहा’ हा सल्ला मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत सुमारे १५.६ टक्के गरोदर स्त्रियांना मानसिक आजार असतो, मुख्यतः नैराश्य. नवऱ्याची मारहाण, मुलगाच हवा हा धोशा किंवा डोक्यावरचे कर्ज ज्या घरात आहे, तिथे हसण्याची जबाबदारी एकट्या गरोदर बाईवर टाकणे आणि पुढे मुलाला धाप लागली की तिलाच बोल लावणे क्रूर आहे. गर्भसंस्काराच्या वर्गांनी मुलांचा दमा टळतो, याचाही भरवशाचा पुरावा नाही. आईवर उपचार व्हायला हवेत, ते आधी तिच्या स्वतःसाठी.

औषधांबाबतचे विधान तर उघड धोक्याचे आहे. व्हॅल्प्रोएटसारखी (फेफरे आणि मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवर दिले जाणारे औषध) काही औषधे गर्भाला खरोखरच घातक असतात, पण नैराश्यावरील अनेक औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गरोदरपणातही दिली जातात. ती स्वतःच्या मनाने अचानक बंद केल्यास आजार उलटू शकतो. दमा असलेल्या गरोदर स्त्रीच्या पंपाचेही तसेच आहे: दमा आटोक्यात नसेल तर अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. मनाचे औषध बदलायचे की नाही, हे मनोविकारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. आणि तिथवर पोहोचणे अवघड असेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.